थडग्याच्या चित्रातले दोन दाढीवाले

चादरीचं डिझाइन काढणाऱ्या माणसाला निम्मंच काम करायची सवय असते. डावी बाजू आपण काढायची, उजवी कॉम्प्युटर उलटवून देतो. एक मोर काढला की समोर दुसरा तयार. भवानी पेठेत तीस वर्षं मी असे निम्मेच मोर काढले आणि कौतुक मात्र पूर्ण मोरांचं घेतलं.

एकदा गल्लीतले इतिहासाचे निवृत्त सर एका जुन्या चित्राची प्रत घेऊन आले. युरोपातल्या कुठल्याशा चर्चमध्ये तीन-चारशे वर्षांपूर्वी बांधायच्या थडग्याचं ते डिझाइन होतं. दगडाला छिन्नी लावण्याआधी कारागीर असं चित्र काढून गिऱ्हाइकाला दाखवायचा, आणि गिऱ्हाईक जिवंतपणीच स्वतःच्या थडग्यात चुका काढायचं. हे ऐकून मला त्या कारागिराबद्दल फार माया वाटली.

चित्रात नवरा-बायको समोरासमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेले. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला भिंतीवर लावायला सरांना तेच विणून हवं होतं. सुखाच्या दिवशी घरात थडगं कशाला, म्हणून त्यांच्या बायकोनं, काकूंनी, आठवडाभर अबोला धरला होता. हे जोडपं म्हणजे आपण दोघंच, असं सांगून सरांनी त्यांना कसंबसं वळवलं होतं. आता सगळी भिस्त माझ्यावर होती.

मी नेहमीसारखी डावी बाजू काढली, उलटवली आणि डिझाइन मागावर पाठवून दिलं.

वाढदिवसाला पाहुण्यांसमोर सरांनी स्वतः कापड उलगडलं. दोन दाढीवाले एकमेकांना हात जोडून बसले होते. बायकोचा पत्ताच नव्हता. सरांचा चेहरा पडला. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

काकूंनी चष्मा लावून नीट बघितलं.

"ह्यात मी कुठंय?"

मी चूक कबूल केली. एकच बाजू बघितली, दुसरी तशीच असणार असं धरून चाललो, म्हणालो.

"मग तुम्ही कशाला लाजताय," काकू म्हणाल्या. "ह्यांनी पन्नास वर्षं तेच केलं की."

पाहुणे हसले. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच माझ्याकडे आले. चित्रातली नवऱ्याची बाजू त्यांनी आत दुमडली होती.

"आता हिची बाजू काढा," म्हणाले. "आणि उलटवू नका. समोरची जागा रिकामी ठेवा. तिथं रोज मी स्वतः बसायचं, असा हुकूम झालाय."