नाव देणारा नवनीत

नवनीत गुरुजींनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते आश्रमशाळेच्या पहिलीच्या वर्गात. "मोहिनी पावरा" असं त्यांनी तीनदा पुकारलं, तरी कुणी उठेना. दुसऱ्या ओळीत एक मुलगी रिबिनीचं टोक चघळत खिडकीबाहेर बघत होती. गुरुजींनी तिचा दंड धरून तिला उभं केलं आणि तूच मोहिनी म्हणून सांगितलं.

तिला ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. नाव आदल्या दिवशीच गुरुजींनी लिहिलं होतं. तिची आई फुलीबाई तोरणमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरून तिला घेऊन आली आणि म्हणाली, दगू. आधीची दोन पोरं गेली होती. ही दगडासारखी टिकावी, दुखण्याची नजर पडू नये, म्हणून दगू. गुरुजींना ते नाव ओबडधोबड वाटलं. त्या जूनमध्ये त्यांनी अकरा मुलांची नावं अशी बदलली, आणि प्रत्येकाला वर एक गोड गोळीही दिली.

ती पुढे डी.एड. झाली, शिक्षिका झाली. निवृत्त होऊन रनाळ्याला राहणाऱ्या गुरुजींना तिचा अभिमान होता. तिने पहिली कादंबरी लिहिली आणि शुद्धलेखन तपासायला कागद त्यांच्याकडेच आणून दिले.

कादंबरी आजपासून सत्तर वर्षांनंतरची. डोंगरातली माणसं शहरात उतरतात, तेव्हा वेशीवर त्यांना नवी नावं मिळतात. समाधान, नम्रता, संतोष. जे नाव, तेच वागणं. समाधानने तक्रार केली तर शिक्षा. नम्रता खुर्चीवर बसली तरी शिक्षा. गुरुजी लाल पेन घेऊन वेलांट्या दुरुस्त करत होते आणि मनात म्हणत होते, पोरगी हुशार. एकोणिसाव्या पानावर वेशीवरचा नाव देणारा आला. मृदू आवाजाचा, पोरांना गोळ्या वाटणारा, कधीच न रागावणारा. त्याचं नाव नवनीत.

गुरुजींनी पेन ठेवलं. चाळीस वर्षांची नोकरी, आणि आता छापील पुस्तकात, सगळ्या जिल्ह्यासमोर, हे. जेवतानाही ते धुमसत होते. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "तुम्ही तिन्हं नाव बदलं. तिनी तुम्हनं शे तसंच ठेवं. मंग चिडतस कसाले?"

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन तळोद्याला तिच्या घरी गेले. चहा येण्याआधीच त्यांनी विचारलं, "दुसरं नाव सुचलं नाही का, मोहिनी?"

"सगळी नावं अर्थ बघून ठेवली, गुरुजी. नवनीत म्हणजे लोणी. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं."

मी तुझ्या भल्यासाठीच केलं, असं गुरुजी म्हणाले. त्या नावाला पोरं हसली असती.

आतापर्यंत हळू बोलत असलेली ती ताठ झाली. "कोण हसलं असतं? वर्गात दगू, बाज्या, वाहरू, सगळी आमचीच पोरं. हसणारे एकटे तुम्ही होता."

मग तिने सांगितलं ते गुरुजींना माहीत नव्हतं. फुलीबाई वारली तेव्हा वारसनोंदीला गेलेल्या मोहिनीला तलाठ्याने परत पाठवलं. रेशनकार्डावर मुलगी दगू, शाळेच्या दाखल्यावर मोहिनी. फुलीबाईला मोहिनी नावाची मुलगीच नाही, असं तो म्हणाला. अडीच वर्षं ती प्रतिज्ञापत्रं करत, पाड्यावरचे साक्षीदार जीपमध्ये घालून खाली आणत फिरली.

"मी माझ्या आईची आहे, हे सिद्ध करायला अडीच वर्षं लागली. आणि तुम्ही तुमच्या नावासाठी एका दिवसात तळोद्याला आलात."

गुरुजींना राग आला. आपल्यावर की तिच्यावर, हे बसमध्येही ठरेना. नाव खोडायला तिने मनाई केली नव्हती. कागद त्यांच्याच मांडीवर होते. नंदुरबारला बस बदलताना एकदा त्यांच्या मनात आलं की कागदांची पिशवी बाकावरच विसरून यावी. इतका हलका विचार आपल्याला सुचला, याचीच त्यांना शरम वाटली.

उरलेली पानं त्यांनी आठवड्यात तपासली. नवनीत हे नाव पुढे शेहेचाळीस वेळा आलं होतं. एका ठिकाणी 'नवनित' असं ऱ्हस्व पडलं होतं, तेवढं त्यांनी दीर्घ केलं.

पुस्तक फेब्रुवारीत निघालं, लेखिका दगू फुलीबाई पावरा. ती तळोद्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते आणि सकाळी सातच्या जीपने वर शाळेत जाते.