भरवसा नव्हता म्हणून जमलं

आत्याच्या नवऱ्याचा उजवा हात मळणीयंत्रात गेला, त्या वर्षी आमच्या घरात चुली दोन होत्या आणि पीठ एकीपुरतं. भेटायला आलेल्या बायका रडायला लागल्या तशी आत्या उठली. "रडनं झालं असंन तर निघा बायांनो. दुकानात मोटर खोलून पडली हाये, थे कोन भरंन?" नवऱ्याला तार गुंडाळून देता देता ती मोटर भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं, काम शिकली होती. काही दिवसांत तिनं मंगरूळपीरच्या दुकानाचं शटर एकटीनं उचललं. लोक तिला वाइंडिंगवाली म्हणायला लागले. ती सतत रागात असायची. खालच्या आवाजात बोलताना मी तिला एकदाच ऐकलं.

जळालेली मोटर समोर आली की आधी वाकून तिचा वास घ्यायची, मग आणणाऱ्याची हजेरी. "एक फेज गेली होती तरी बटन दाबून राह्यला? मोटर हाये का बैल हाये, टोचलं का चालंन?" माणसं मान खाली घालून ऐकायची, कारण तिनं भरलेली मोटर लवकर परत येत नसे. त्याच रागाच्या कमाईवर मी वाशीमला अर्थशास्त्रात एम.ए. करायला गेले. आमच्या घराण्यात माझ्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. हे मी कुठंही ठणकावून सांगते.

मग अकोल्याहून एका जाहिरात एजन्सीचा माणूस आला. "मॅडम, लोक आता मोबाईलवर शोधतात. मोटर वाइंडिंग टाकलं की तुमचं दुकान सगळ्यात वर दिसलं पाहिजे." त्यानं वेगळ्या नंबरचा फोन घ्यायला लावला, जाहिरात पाहून येणारे फोन त्याच्यावर. वर कोण दिसणार याचा तिथं लिलाव असतो. ज्याची बोली मोठी तो बहुधा वर, आणि जाहिरातीवर कोणाचं बोट पडलं की पैसे कटले, मग मोटर येवो न येवो. थोडे दिवस फोन खणखणला. मग तोच माणूस रस्ता ओलांडून समोरच्या गफूरभाईच्या वाइंडिंगच्या दुकानात गेला आणि त्यालाही तसाच वेगळा फोन घ्यायला लावून सगळ्यात वरची तीच जागा विकून आला.

बोली चढत गेली. त्यात आत्याची खोडी अशी, की शटर उचललं की पहिलं काम गफूरभाईच्या जाहिरातीवर बोट ठेवायचं. "जाऊ दे त्याचे पैसे पान्यात!" समोर गफूरभाई तेच करत होता. मोबाईलवर जाहिरात दाखवणारी कंपनी म्हणे असले खोटे टॅप गाळून टाकते. टाकत असेल. बोली काही उतरली नाही. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, ऐन कामाचे दिवस, आणि आत्याकडे तांब्याची तार आणायला पैसे उरेनात. "शटर पाडा लागते आता, पोरी," ती हळूच म्हणाली. तिच्या शिव्यांना मी कधी भ्यायले नव्हते. त्या आवाजाला भ्यायले.

मी तिला वर्गात शिकलेलं सांगितलं. मोटरी जळतात तेवढ्याच; जाहिरातीनं एकही जास्त जळत नाही. दोघं थांबले तर दोघं वाचतात. पण मी थांबले आणि समोरचा नाही थांबला तर, या भीतीनं कोणीच थांबत नाही. आत्या उसळली. "एवढं सांगाले तुले एम.ए. लागलं? आंधी काहून नाही बोलली?" तशीच वार्निशनं बरबटलेले हात घेऊन ती समोर गेली. जाहिरात बंद करायची दोघांनी एकमेकांना जबान दिली.

आठवडा झाला नाही तोच दोन्ही जाहिराती पुन्हा चालू. आत्या भर रस्त्यातून ओरडत निघाली. "गफूरभाई, जबान हाये का चप्पल? पायजे तवा काहाडली!"

"ताई, पयले तुमी सुरू केली! एजन्सीवाल्याचा मेसेज हाये माह्यापाशी."

मी दोघांचे फोन शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर एकच मेसेज, अक्षर न् अक्षर सारखा: समोरच्यांनी जाहिरात सुरू केली आहे, तुम्ही मागे पडाल. आधी कोणीच केली नव्हती. ते वाचून मग दोघांनीही केली. माझं डोकं फिरलं, अजूनही फिरतं. एसीत बसलेले लोक याला स्पर्धा म्हणतात. दोन कोंबडे एकमेकांच्या अंगावर सोडायचे आणि पैजेचा वाटा आपण खायचा, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे.

गफूरभाई शपथ घ्यायला निघाला. आत्यानं त्याला थांबवलं. "शपथ राहू द्या. मले तुमच्यावर भरवसा नाही, तुमले माह्यावर नाही. बरंच हाये." तिनं आपला जाहिरातीचा फोन त्याच्या काउंटरवर आपटला आणि त्याचा उचलून पदरात बांधला. "माहा फोन तुमच्यापाशी, तुमचा माह्यापाशी. आता मी गुपचूप जाहिरात लावली, तं गिऱ्हाइकाचा फोन तुमच्या दुकानात वाजंन. होईन का मले हिंमत?"

गफूरभाई हसला, मग विचारात पडला, मग त्यानं चहा सांगितला. दोन्ही जाहिराती त्या दिवशी बंद झाल्या त्या झाल्याच.

गेल्या उन्हाळ्यात आत्या वारली. झोपेत, कोणाशी न भांडता. हे तिला मुळीच पटलं नसतं. घरात माणसं बसलेली असतानाच एजन्सीतून फोन आला. "फार वाईट झालं, मॅडम. पण हीच वेळ आहे, समोरचे पुढे जाण्याआधी..." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. त्यातला शब्द न् शब्द आत्याचा होता.

दोन्ही दुकानं चालू आहेत. आत्याचं तिची मुलगी चालवते. जाहिरात एकाचीही नाही, आणि कारंज्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र मी शिकवते.