फाटकं नेसून ये

“हे कशाला नेसलीस? रोजचं फाटकं असेल ते नेसून ये.”

माझ्या मायला तो असं बोलला. अंगणवाडीच्या दारात, चार बायांच्या पुढं. मी मायच्या कडेवर होतो. पाच वर्षांचा होतो, तरी कडेवर. पायात जोर नव्हता.

परभणीहून जीप आली होती, तिच्यातून तो कॅमेरा घेऊन उतरला होता. पोरांची वजनं करायची, फोटो काढायचे, असा निरोप सेविकेनं आदल्या दिवशी दिलेला. फोटो म्हटल्यावर मायनं पत्र्याची पेटी उघडली. लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. मला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल चोपडलं, चुलतभावाचा पांढरा सदरा मागून आणला अन् मला घातला. आमच्या घरात तोवर एकाचाही फोटो नव्हता. मायला वाटलं, निघतोय तर चांगला निघावा.

त्याला चांगला नको होता.

माय घरी गेली. खुरपायला जाताना नेसायची ते ठिगळाचं लुगडं नेसून आली. मग तो म्हणाला, “पोराचा सदरा काढ. बरगड्या दिसू दे.” मायनं काढला. थंडीचे दिवस होते. माझ्या पोटावर, बेंबीच्या वर, डाग होता. जुलाब थांबेनात म्हणून आज्यानं तापल्या विळ्यानं दिलेला. तो डाग त्याला लय आवडला. जवळ येऊन त्याचा वेगळा फोटो घेतला. मग मायच्या हातात पाटी दिली, पाटीवर खडूनं आकडा. “हसू नको,” म्हणाला. माय हसत नव्हती.

गावातल्या मोठ्या घरचा नातू त्याच अंगणवाडीत होता. माझ्याच वयाचा. त्याचंही वजन झालं. त्याचा सदरा त्याच्या अंगावरच राहिला.

जीप निघाली तेव्हा मायनं विचारलं, “सायेब, एक फोटू आमाला मिळंल का?”

“मिळेल, मिळेल.”

एवढंच. मारलं नाही. शिवी दिली नाही. मायनं हिरवं लुगडं परत पेटीत घातलं, अन् ते तिच्या अंगावर मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी शिकलो. पालमला शाळा, मग परभणीत वसतिगृहात राहून कॉलेज, मग सार्वजनिक आरोग्यातली मोठी पदवी. एका विद्यापीठानं परभणीत प्रशिक्षण केंद्र काढलं आहे. नाव सांगत नाही, आत्ता तरी. वर्षातून दोनदा परदेशातल्या आरोग्य खात्यांतली माणसं तिथं काही आठवडे शिकायला येतात. झांबिया, नेपाळ, बांगलादेश, इथिओपिया. कुणी डॉक्टर, कुणी नर्स, कुणी जिल्ह्याचा अधिकारी. या कार्यक्रमाचा मी समन्वयक झालो. अकरा महिन्यांच्या करारावर.

समन्वयक म्हणजे काय? व्हिसाची पत्रं मी लिहायची. पाहुण्यांची पोलिसांकडं नोंद मी करायची. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला नमाजाला जागा पाहिजे, कुणाला बोरीच्या आरोग्य केंद्रात भोवळ आली, वालूरला जाणारी गाडी पंक्चर झाली, सगळं माझ्या डोक्यावर. गावातल्या बाया काय बोलतात ते इंग्रजीत मी सांगायचं. हॉलमध्ये लॅपटॉप माझ्यापुढं. स्लाईड पुढं सरकवायचं बटन माझ्या हातात.

केंद्राच्या संचालकांना सगळे मोठे सर म्हणायचे. कुपोषणावर सारी हयात काम केलेले. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. “अरे कोऑर्डिनेटर.” पाहुण्यांची पंगत बसली की म्हणायचे, “तू ड्रायव्हर लोकांबरोबर बस.” मी बसायचो. ड्रायव्हर माणसं चांगली होती. पण पाहुण्यांचं जेवण ठरवणारा मी, अन् त्यांच्या ओळीत मला पाट नाही.

माझी पहिलीच तुकडी होती. सरांचं भाषण सुरू झालं. दहाबारा स्लाईड झाल्या अन् पडद्यावर माय आली.

भिंतीएवढी माय. ठिगळ, पाटी, कडेवर मी. खाली इंग्रजीत दोन शब्द. अर्थ असा, की अज्ञान मारतं.

जीपमधल्या माणसाचा चेहरा मला आठवत नव्हता. आठवायची गरजही पडली नाही. सरच अभिमानानं सांगत होते, “हा फोटो मी स्वतः काढला.” पुढं म्हणाले, ही बाई अंगणवाडीतून मिळणारी मुलाची सुकडी बाजारात विकायची. त्यातून बांगड्या भरायची. हातातल्या लेझरचा लाल ठिपका त्यांनी मायच्या मनगटावर फिरवला. मग माझ्या पोटावर. दवाखान्यात नेण्याऐवजी हिनं मुलाला डागलं, म्हणाले. मूल महिन्याभरात गेलं.

पाहुण्यांनी चुकचुक केली. वहीत लिहून घेतलं.

“पुढची,” सर म्हणाले.

मी बटन दाबलं.

हे मला सांगितलंच पाहिजे. मी बटन दाबलं. त्या तुकडीला दाबलं, पुढच्या तुकडीलाही दाबलं. करार संपत आला होता. घरात कमावणारा मी एकटा. ही कारणं खरी आहेत. पण कारणंच आहेत.

आता खरं काय होतं ते ऐका. त्या साली टोळी ऊसतोडीला निघाली तेव्हा माय गेली नाही. बाप एकटाच गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा. माझ्यासाठी आमच्या घरानं ते साल अर्ध्या कोयत्यावर काढलं. मायनं मला पालमला नेलं, तिथून परभणीच्या सरकारी दवाखान्यात. एसटीनं, मांडीवर घेऊन, दर आठवड्याला. सुकडी तिनं विकली नाही. सुकडी महिना महिना गावात यायचीच नाही. डाग दिला आज्यानं, माय पाण्याला गेली असताना. ती आली अन् सासऱ्याशी अशी भांडली की आळी गोळा झाली. मी जगलो तो तिच्या हट्टानं.

दुसऱ्या तुकडीनंतर गावी गेलो. माय ओट्यावर तूर पाखडत होती. मी विचारलं, “माय, ल्हानपनी माझा फोटो काढला व्हता का गं कुनी?”

“काढला व्हता की. देतो म्हनला अन् गेला मुडदा. तुला कुठं सापडला?”

मोबाईलमध्ये दाखवला. तिनं लय वेळ बघितला. स्वतःला कमी, मला जास्त. मग बोट ठेवून विचारलं, “ह्ये खाली काय लिवलंय?”

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. सुकडी विकली, बांगड्या भरल्या, पोरगं मेलं. सूप थांबलं. मला वाटलं, आता रडंल.

“जित्या लेकराला मेलं म्हणायलाय त्यो,” माय म्हणाली. “अन् तू तिथं बसून बटन दाबायलास?”

“नोकरी जाईल, माय.”

“जाऊ दे. कोयता हाय घरात.”

ती कामाचं बोलत होती. मला दुसरंच ऐकू आलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीला बसलो होतो. गंगाखेड येईपर्यंत मी त्याला कोयत्यानं पाच-सहा वेळा मारलं. मनातल्या मनात, पण नीट, सावकाश. गंगाखेडच्या पुढं डोकं थंड झालं. मेलेल्या माणसाच्या फोटोला लोक हार घालतात. याला हार मिळू द्यायचा नव्हता. याला जिवंत ठेवून चारचौघांत उघडा करायचा होता. इथून पुढं मी त्याला ‘सर’ म्हणणार नाही.

करार एकदा वाढून मिळाला होता, अन् वेळापत्रक माझ्या हातात होतं. पुढच्या तुकडीत त्याचं भाषण मी मुद्दाम त्या दिवशी ठेवलं, ज्या दिवशी विद्यापीठाचे कुलसचिव येणार होते. हॉल भरला. पहिल्या रांगेत ग्रेसबाई बसल्या होत्या, झांबियातल्या एका जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी. पन्नाशीच्या. कमी बोलायच्या.

माय पडद्यावर आली. त्यानं तेच सांगितलं. सुकडी, बांगड्या, डाग, मरण. ग्रेसबाईंनी हात वर केला.

“मुलाचं नाव काय होतं?”

“आता आठवत नाही,” तो म्हणाला. “अशी शेकडो होती.”

मी उठलो. माईक घेतला. माझं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट. इंग्रजीत म्हणालो, ते मूल मी आहे. ही माझी आई आहे. तिनं काहीही विकलं नाही. ती पालमजवळ राहते, काल माझ्याशी फोनवर बोलली.

तो हसला. पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाला, आमचा कोऑर्डिनेटर जरा भावनाप्रधान आहे. मग माझ्याकडं वळून मराठीत, हळू, “पुढची स्लाईड घे. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

मी घेतली नाही. माय पडद्यावर तशीच उभी.

“पुरावा काय?” तो मराठीतच म्हणाला. “त्या पोराच्या पोटावर डाग आहे. तुझ्या आहे? काढ सदरा. दाखव.”

माझा हात गळ्याजवळच्या गुंडीकडं गेला. खरंच गेला. साहेब सांगतोय म्हटल्यावर हात आपोआप जातो, ही आमची शिकवण. एक गुंडी निघालीही. मग मला माझा हात दिसला. मी गुंडी परत लावली.

“नाही काढणार.”

“हे काय म्हणतात?” ग्रेसबाईंनी मला विचारलं.

भाषांतर करणं माझंच काम. मी केलं. शब्दाला शब्द. हे म्हणतात, पुढची स्लाईड घे, नाहीतर नोकरी गेली. हे म्हणतात, खरं बोलत असशील तर अंगातला शर्ट काढ आणि पोट दाखव.

कुलसचिव मान खाली घालून मोबाईल बघायला लागले. ग्रेसबाई उठल्या. माझ्याकडं आल्या नाहीत, सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “या बाईची संमती घेतल्याचा कागद दाखवा.”

“त्या काळी तशी पद्धत नव्हती.” त्याचा आवाज चिरकला. लेझरचा लाल ठिपका भिंतीवर तसाच पेटलेला होता. तो बंद करायचंही त्याला सुचेना.

मला ते बघून बरं वाटलं. लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

माझा करार पुढं वाढला नाही. पत्रात कारण दिलं, गैरवर्तन. चौकशी समिती बसली, तिच्यावर त्याचाच जुना विद्यार्थी प्रमुख. समितीनं मायची स्लाईड काढायला लावली. पुढच्या तुकडीतल्या एका नेपाळी डॉक्टरनं मला कळवलं, मायच्या जागी आता दुसरी बाई आहे. तिच्या कडेवरही मूल आहे. तेही मेलं म्हणून सांगतात.

त्याचा निरोप आला होता, ड्रायव्हरच्या तोंडून. “मिटवून टाकू. विद्यापीठात कायमची जागा बघतो तुझ्यासाठी.” मी ड्रायव्हरला चहा पाजला अन् परत लावून दिलं.

कोणत्या गावांत जीप गेली होती ते मला पाठ आहे. जुन्या नोंदी लॅपटॉपवर मीच चढवल्या होत्या. आता एकेका गावी एसटीनं जातो. जुन्या अंगणवाडी सेविकांना विचारतो, फोटो निघालेली घरं शोधतो. काही लेकरं खरंच गेली. बरीचशी जगली. एक जण वालूरला दुकान चालवतो. एकीला स्वतःची दोन पोरं आहेत. तिची आई मला म्हणाली, “मला त्याला एकदा तोंडावर इचारायचंय.” मी म्हणालो, इचारा. त्याच्या पुढच्या भाषणाची तारीख मी देतो. जो तयार होतो त्याची तक्रार लिहून घेतो, त्याच्याच शब्दांत, अन् जिथं जिथं पाठवता येते तिथं पाठवतो. इथं, अन् त्या परदेशी सरकारांकडंही, जिथून माणसं त्याच्याकडं शिकायला येतात.

लोक म्हणतात, म्हातारा झाला आता, सोडून दे. मला त्याची माफी नको. माफी मागून तो हलका होईल, अन् मला त्याला हलका होऊ द्यायचं नाही. तो परभणीत बोलो, पुण्यात बोलो, नाहीतर समुद्रापलीकडं. तो जिथं तोंड उघडंल तिथं पहिल्या रांगेत मी बसलेला असंन, अन् माझ्या शेजारी आणखी एक जण. दरवेळी एक जण जास्त. तो बोलायचा थांबेपर्यंत. अन् थांबल्यावर आम्ही बोलायला सुरुवात करू.