गाळपेरीतली तलवार बदकं

डिसेंबर लागला की दर रविवारी पहाटे आम्ही सात-आठ जण लोहाऱ्याच्या पुढच्या तलावावर जातो. थंडीचे पाहुणे पक्षी उतरायचे दिवस असतात. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवायचे. ही टोळी त्यांनीच जमवली. मी आपली चहा सांभाळणारी. इतकी वर्षं मी जातेय, पण बदकांकडे नीट पाहिलं म्हणाल तर नाही.

त्या रविवारी धुकं असं की पाणी कुठं संपतं न् आभाळ कुठं सुरू होतं, काही कळेना. सगळे झोपेत असल्यासारखे हळू बोलत होते. मधूनच पाण्यावरून पंखांची फडफड यायची, मग पुन्हा सारं गप्प. मला तर वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत.

यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाही. हे फक्त मला ठाऊक. "टोळीत कोणाले सांगशील तं याद राख," असा दमच दिला होता यांनी. कळलं तर लोक आणतील, पण खुर्चीवर बसवून ठेवतील, ही धास्ती. म्हणून मी बाजूला उभी राहून पुटपुटायची, "डावीकडं, दगडावर, काळं-पांढरं," आणि हे दुर्बीण लावून मोठ्यानं नाव घ्यायचे. लबाडीच ती! मला चीड यायची, आणि गंमतही वाटायची.

दोघांनी पाहिल्याशिवाय पक्षी यादीत लिहायचा नाही, हा नियमही यांचाच. यादी कॉलेजातल्या एका पोरीकडे. नियमाला भारी कडक पोरगी.

मी चहा ओतायला गाडीकडे गेले आणि तेवढ्यात घोळ झाला. काठावरच्या बेशरमीच्या झुडपांकडे बोट करून हे म्हणाले, "ते पाहा, तलवार बदकं. वीस-एक असतील." दरवर्षी तिथं असतातच ती. पण यंदा पाऊस कमी. पाणी पार मागं हटलेलं, आणि उघड्या पडलेल्या ओल्या गाळात कोणीतरी हरभरा पेरून गाळपेर केलेली. यांची दुर्बीण सरळ त्या हरभऱ्यावर रोखलेली होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी कप घेऊन तशीच उभी. पोरगी बराच वेळ तिकडं पाहत राहिली, मग म्हणाली, "हो सर, मलेही दिसले." आणि तिनं लिहिलंसुद्धा.

अगं माय, सुटलो, असं मला झालं. पण हे खवळले. "तलवार बदक पाह्याले एवढा वेळ लागते का तुले? काहून खोटं बोलून राह्यली? खोड ते!" मग आवाज खाली आला. "मले दिसत नाही आता. ही सांगते, न् मी बोलतो."

टोळीतले औषधाच्या दुकानवाले भाऊ लगबगीनं घडीची खुर्ची घेऊन आले. "सर, बसा ना."

"राहू दे," हे म्हणाले. गळ्यातली दुर्बीण काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातली. "तू पाह्य."

"अहो, मले नावं कुठं येतात?"

"नावं कोण मांगते? दिसते ते सांग."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. आधी नुसतं पांढरं दिसलं. मग त्या पांढऱ्यात पाठीवर मान टाकून झोपलेली बदकं, एकामागं एक. मी सांगत गेले. तपकिरी डोकं, छातीपासून मानेवर चढलेली पांढरी रेघ, लांब टोकदार शेपूट. हे मान हलवत होते. आणि एकाएकी सगळा थवा पाण्यातून उठला, आमच्या डोक्यावरून वळला, धुक्यात शिरला, पुन्हा बाहेर आला. उन्हाची पहिली तिरीप त्यांच्या पोटांवर पडली होती. मी मान वर करून फिरतच राहिले.

"सांग ना," हे म्हणाले.

यांना दिसत नाही, हे मी विसरूनच गेले होते.