पाटावरचा ऑर्गन

आमच्या गायन पार्टीत मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेलो होतो. दिवसा बीडमध्ये एका कोचिंग क्लासला गणित शिकवायचं आणि जयंतीचे दिवस आले की गळ्यात गिटार अडकवून गावोगावी भीमगीतांच्या कार्यक्रमाला जायचं, असं माझं चाललं होतं. पार्टीत गायक होता, ढोलकी होती, तालाचं इलेक्ट्रॉनिक पॅड होतं आणि ऑर्गनवाला होता. ऑर्गन म्हणजे खरं तर कीबोर्ड, पण आमच्याकडे त्याला ऑर्गनच म्हणतात. हा माणूस वयानं मोठा, पार्टीत सगळ्यांत जुना, आणि मिक्सरही त्याच्याच उजव्या हाताशी. कुणाचा आवाज किती चढवायचा ते तोच ठरवायचा. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. घ्यायची इच्छा फार आहे.

कडा या गावी माझं आजोळ. तिथल्या जयंतीला आमचा कार्यक्रम ठरला तेव्हा आई मला ऐकायला म्हणून मुद्दाम आली आणि सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसली. बोटं सोलून निघेपर्यंत मी वाजवलं. कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली, "लई झ्याक झालं. पण त्यात तुझा आवाज कोणता व्हता रं?"

मला वाटलं, तिला गिटार ओळखता येत नाही. मग मामेभावानं मोबाइलवर काढलेलं शूटिंग पाहिलं. त्यात गिटारचे तुकडे होते, गोड होते, पण माझे नव्हते. ऑर्गनवर गिटारचा आवाज लावून तोच ते वाजवत होता. पुढच्या कार्यक्रमाला मी मिक्सरजवळ जाऊन वाकून पाहिलं. माझ्या आवाजाची दांडी तळाला ओढलेली होती आणि ती चुकूनही वर सरकू नये म्हणून तिच्यावर काळी चिकटपट्टी मारलेली होती. पट्टीवर धूळ बसून ती पार राखाडी झाली होती.

"हे काय हाय?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. "गिटार स्टेजवर दिसाया पायजे. पोरं बघत्यात. ऐकवाया मी हाय ना."

म्हणजे कमानीवर लावतात त्या फुग्यांसारखा मी तिथे उभा होतो. माझं डोकं सणकलं. पार्टी सोडावी असं एकदा मनात आलं, पण सोडली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. मी सोडली नाही. त्याचं बरं होईल असं काहीही करायचं नाही, एवढं मी त्या दिवशी ठरवलं.

आणि मी पेडलं जमवायला लागलो. गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये लोखंडी डब्या लावतात, पायानं दाबल्या की आवाज बदलतो, ती ही पेडलं. लोक ती हौसेनं घेतात. मी एकेक पेडल ऑर्गनवाल्याचं तोंड डोळ्यांसमोर ठेवून घेतलं. आवाज फाडणारं घेतलं, कारण त्याच्या ऑर्गनला ते जमत नव्हतं. आवाज घुमवत मागे ठेवणारं डिले घेतलं. वाजवलेला तुकडा धरून ठेवून पुन्हापुन्हा ऐकवणारं लूपर घेतलं, घरी एकट्यानं सराव करता यावा म्हणून. आणि शेवटी पुण्याच्या एका पोराकडून जुनं एक पेडल मिळालं, ज्यातून गिटारच्या तारेवर हुबेहूब ऑर्गन वाजतो. ते पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. तू माझी गिटार वाजवतोस काय? थांब.

ही डबडी एका फळीवर पक्की बसवावी लागतात. बाजारातला बोर्ड मला पसंत पडेना. घरात आईचा जेवायला बसायचा सागवानी पाट होता, तो उचलला. आई भडकली.

"आरं, पाटावर पाय द्यायचा असतोय का?"

"याच्यावर द्यायचाय," मी म्हणालो. कुणासाठी ते सांगितलं नाही.

खरी डोकेफोड मांडणीची होती. कुठलं पेडल आधी, कुठलं नंतर यात सगळं आहे. फोडणीच्या आधी पाणी ओतलं तर जे होतं तेच इथे होतं. डिले आधी लावून फाडणारं पेडल मागून लावलं की नुसता चिखल. ऑर्गनच्या पेडलाला तारेचा आवाज अगदी कोरा लागतो, आधी काही चढवलेलं खपत नाही, म्हणून ते गिटारला सगळ्यांत जवळ. मग फाडणारं, मग डिले. लूपर शेवटी, म्हणजे आधीचं सगळं शिजून त्याच्यात येतं. दाबायला सोपं जावं म्हणून ते मी पाटाच्या डाव्या कोपऱ्यात, टाचेशी ठेवलं. वर्षभर क्लासहून आलो की मी पाटासमोर उभा. आई म्हणायची, याला कुणीतरी काहीतरी केलंय. बरोबरच होतं.

पुढच्या जयंतीला पुन्हा कडा. पुन्हा तोच मांडव, आई पुन्हा पुढे. या वेळी मी स्वतःचा ॲम्प्लिफायर जीपमध्ये घालून नेला. त्याच्या मिक्सरला माझी वायर लागणारच नव्हती. त्यानं पाटाकडे पाहून विचारलं, "जेवाया बसतो का काय बे?" सगळे हसले. मीही हसलो.

त्याची एक रीत होती. कुठल्याही गावात विजेच्या बोर्डात पहिली पिन त्याची. जनरेटर धडधडला की ऑर्गन चालू करून त्याच्या स्वतःच्या स्पीकरवर तो एक ऐटबाज तुकडा वाजवायचा, गावाला कळावं की आपण आलोय. जनरेटर नुकता चालू झालेला असताना करंट खालीवर होतो, तो स्थिर होईपर्यंत काही लावू नये, हे ढोलकीवाल्यालाही माहीत होतं. पण त्याला सांगणार कोण? त्या दिवशी मांडवातले दिवे एकदम पांढरेफटक होताना मला दिसले. तो पिन घेऊन बोर्डाकडे निघाला होता. मी बोललो नाही. कशाला बोलू?

तुकडा अर्ध्यात तुटला आणि ऑर्गन मेला. मिक्सर आणि माईक मांडवातल्या साउंडवाल्यानं नंतर लावले, माझा ॲम्प्लिफायरही मी नंतरच लावला, म्हणून ते वाचले. गायक तोवर माईकवर जाऊन नमस्कार करून बसला होता. ऑर्गनवाला घामानं थबथबला, माझ्याकडे सरकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, इज्जतीचा सवाल हाय. कायतरी कर."

"मी वाजवतो," मी म्हणालो. "तुमी नुसते हात हलवा. ऑर्गन स्टेजवर दिसाया पायजे."

त्याला कळलं. चेहरा उतरला, पण करतो काय? सगळा कार्यक्रमभर तो मेलेल्या पट्ट्यांवर बोटं नाचवत राहिला आणि मी पाटावर पाय देऊन ऑर्गन वाजवला, मध्येच गिटारही. इतकं सुख मला कशातच मिळालेलं नाही. फक्त आई त्याच्याकडेच बघत मान डोलवत होती, ते मला सोसत नव्हतं.

शेवटच्या गाण्याआधी जयंती कमिटीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, आज ऑर्गनवादकांनी मांडव गाजवला, गाणं झालं की त्यांचा सत्कार. मला वाटलं, हा आता तरी नाही म्हणेल. त्यानं छातीला हात लावून मान झुकवली. मग शेवटचं गाणं चालू असताना मी त्या गाण्याचं धृपद ऑर्गनच्या आवाजात लूपरमध्ये धरून ठेवलं.

गाणं संपलं. तो पुढे गेला. अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, त्यानं दोन्ही हात जोडून सगळ्या मांडवाला जय भीम घातला, आणि मी लूपरवर टाच दाबली.

ऑर्गन वाजायला लागला. जोरात. त्याचे हात जोडलेलेच. आधी पोरं हसली, मग बाया, मग सगळा मांडव. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी गिटारवरून दोन्ही हात उचलून दाखवले आणि पायाखालच्या पाटाकडे बोट केलं. धृपद संपून पुन्हा सुरू झालं. मी ते लवकर बंद केलं नाही.

नंतर आई स्टेजपाशी आली. ऑर्गनवाला तिथेच पाठमोरा वायर गुंडाळत होता, शाल खुर्चीवर पडली होती. आई पाटाकडे बघत राहिली.

"म्हंजी सगळं तूच वाजवलं?"

"मीच."

"मग मागल्या साली ते गोड गोड वाजत व्हतं, तेबी तूच व्हतास व्हय रं?"

ते त्याचं होतं. वायर गुंडाळणारे हात थांबले. मी त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज चढवून, त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "व्हय आई. तेबी मीच व्हतो."