कोपर बुडवून पाहिलेलं पाणी

ये गं सुनंदा, कागदावर का होईना, पण जरा जवळ बस. लांबून बोलायला मी आता वायरलेसवर नाही. रोज सकाळी मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवतेस, खाली 'शुभ सकाळ आत्या'. फुलांनी पोट भरतं का माणसाचं? असोद्याहून जळगावला नोकरीला जातेस. तिथून धुळ्याची एसटी सुटते, ती तेवढी तुला दिसत नाही. असो. रागावले नाही. थोडी रागावले.

मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "आत्या, बाबांना त्या दिवशी जायची खरंच गरज होती का? काका म्हणतात, नसते गेले तर आज असते." डाळ उतू जातेय असं सांगून मी फोन ठेवला. म्हणून आता लिहिते. तुझ्यासाठी लिहिते, पण ज्यांनी लष्कर पाहिलेलं नाही त्यांनाही कळावं म्हणून सगळं सांगून लिहिते.

तेव्हा मी कॅप्टन होते, नर्सिंग ऑफिसर. पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, एका छोट्या हॉस्पिटलात. पत्र्याच्या बराकी, मधोमध बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी, बाहेर बर्फ. तुझे बाबा, हवालदार भास्कर, आमचे नर्सिंग असिस्टंट. गाव भडगाव. सगळ्यांसमोर मला 'मॅडम' म्हणायचे. आम्ही दोघंच खान्देशातले, म्हणून वॉर्ड रिकामा झाला की 'अक्का'. मग अहिराणी सुरू. तिकडे आपली बोली ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते इथे बसून नाही कळायचं.

आमचं मुख्य काम पायांचं. बर्फात पाय गारठतो, मग पांढरा पडतो, मग बधिर होतो. दुखत नाही, म्हणून जवानाला वाटतं बरा आहे. अशा पायाला चोळायचं नाही, विस्तवाशी न्यायचं नाही. बधिर पाय भाजला तरी कळत नाही. तो कोमट पाण्यात धरायचा, पाणी गार झालं की बदलायचं. थर्मामीटर होता, पण मी आधी कोपर बुडवून बघायची. माझे वडील धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांची ती पद्धत. हाताच्या बोटांना गरमीची सवय असते, ती खोटं बोलतात, कोपर खोटं बोलत नाही, असं ते म्हणायचे. तुझ्या बाबांनी ती पद्धत माझ्याकडून उचलली. बाही वर करून घमेल्यात कोपर बुडवायचे आणि मान हलवायचे, स्वयंपाकी आमटी चाखतो तसे.

त्या दिवशी सकाळी वादळ आलं. एक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, पोस्टकडून परत येत होती, ती वाटेत अडकली. दुपारी पहिली अ‍ॅम्ब्युलन्स आली. ज्याला चालता येतं असा एकही जण नव्हता. मी आणि हवालदार बर्फात उभे राहून स्ट्रेचर उतरवत होतो. आत आलो तर एक कोवळा सिपाई, रतन नाव, आपल्या शिंदखेड्याचा, बूट काढून पाय बुखारीला टेकवायच्या बेतात. आपल्याकडे थंडीत शेकोटीला पाय शेकतात तसा. तुझ्या बाबांनी त्याला काखेत धरून मागे ओढलं.

"भरीत करस का पायनं? वांगं शे का ते?"

एवढ्या दुखण्यात तो पोरगा हसला. बोली ऐकून हसला की विनोदाला, देव जाणे. त्याचे पाय घमेल्यात गेले. ऊब परत येताना फार दुखतं. तो ओरडायला लागला, तसं तुझ्या बाबांनी त्याला असोद्याच्या वांग्याचं भरीत कसं करायचं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. वांगं कोणतं घ्यायचं, काड्यांवर कसं भाजायचं, हिरवी मिरची कशी कुटायची. पोरगा ओरडता ओरडता म्हणाला, "सर, कांद्याची पात राहिली."

मी एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जात होते. मनात प्रार्थना चालू होती, नेहमीची, "प्रभू, माझ्या हातून तुझं प्रेम यांना मिळू दे." सेवा करणारी मी, घेणारे ते, असाच माझा समज. अशात तुझ्या बाबांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"मॅडम, बूट कधी बदलले?"

"नंतर बघू. पेशंट आहेत."

त्यांनी आवाज खाली आणला. "अक्का, पाय देखाडा माले."

बूट ओले होते. मोजा काढला तर बोटं पांढरी. मला काहीच जाणवलं नव्हतं. मी इतरांना शिकवत होते ते माझंच झालं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, घमेलं आणलं, कोपर बुडवलं आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. मी पाय मागे घेतला. सगळे जवान बघत होते. मी ऑफिसर, ते हवालदार, वयाने मोठे, माझ्या भावासारखे. म्हटलं, "नको, भाऊ. तुम्ही माझे पाय नका धरू."

"आते ऑर्डर मनी शे," ते म्हणाले. आता हुकूम त्यांचा. "बसा."

सुनंदा, आमच्या चर्चमध्ये पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी पाळकसाहेब मंडळींचे पाय धुतात. येशूने आपल्या शिष्यांचे धुतले म्हणून. त्यातला एक शिष्य म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. लहानपणी मला वाटायचं, काय हा हट्टी माणूस. त्या दिवशी तो मला कळला. देणाऱ्या बाजूला उभं राहणं सोपं असतं गं. तुझ्या बाबांनी माझा पाय पाण्यात धरला, आणि मला रडू आलं ते दुखतं म्हणून असं मी सगळ्यांना सांगितलं. जन्मभर प्रभूच्या ज्या प्रेमाबद्दल ऐकलं, ते मला तिथे मिळालं. ते देणारा माणूस गळ्यात मारुतीचा ताईत घालायचा. देवाला त्याची काही अडचण वाटली नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातला वायरलेस सेट बोलू लागला. पेट्रोलमधले दोघे अजून मागे होते.

"बेस, दोन केस रस्त्याच्या वळणावर आहेत. गाडी पाठवा. ओव्हर."

"रोजर. पाय कसे आहेत? ओव्हर," आमच्या ऑपरेटरने विचारलं.

"बधिर आहेत. स्टोव्ह पेटवलाय. शेकतोय. ओव्हर."

तुझे बाबा उठून सेटपाशी गेले. "शेकू नका. ऐका, शेकू नका. ओव्हर." उत्तर नाही. पुन्हा बोलले. सेट बंद पडला होता.

हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल साहेब म्हणाले, ड्रायव्हरबरोबर कोणीतरी जायला हवं, पण मी हुकूम देणार नाही, रस्ता खराब आहे. तुझे बाबा कोट चढवतच होते. म्हणाले, "सर, ते पाय भाजून घेतील." एवढंच. मला जाता येत नव्हतं, पाय घमेल्यात होते. दारातून मागे वळून मला म्हणाले, "अक्का, पानी गार व्हवाले नको."

ते वळणावर पोचले. स्टोव्ह विझवला. पुढचं त्या दोघांनी आणि ड्रायव्हरने मला सांगितलं. गाडीत गरम पाणी नव्हतं. म्हणून त्यांनी कोट उघडला, शर्ट वर केला आणि दोघांचे पाय स्वतःच्या उघड्या पोटाशी धरले. वाटभर तसेच बसले होते. त्यातला एक म्हणाला, "सिस्टर, आईने धरले नसते असे धरले." हॉस्पिटल दिसायला लागलं तेव्हा चाक रुतलं. तुझे बाबा फावडं घेऊन उतरले. बर्फाची दरड वरून आली ती गाडीच्या पुढच्या अंगाला आली. गाडी वाचली. आतले तिघे वाचले. तुझ्या बाबांना आम्ही संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर काढलं, पण श्वास नव्हता. त्यांचं अंग मी पुसलं. पाणी कोमट घेतलं होतं. कोपर बुडवून पाहिलं होतं.

तर तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की गरज होती. त्या दोघांचे पाय शाबूत राहिले. नसते गेले तर ते आज असते, हेही खरं. दोन्ही खरं आहे, पोरी. एक खरं दुसऱ्याने पुसलं जात नाही. आणि ते एकटे गेले असं मनात आणू नकोस. दोन माणसांची ऊब त्यांच्या अंगावर होती.

मी आता धुळ्यात चर्चच्या ओट्यावर दर गुरुवारी बसते. साखरेचा आजार असलेले येतात, कुष्ठरोग होऊन गेलेले येतात. सगळे बधिर पायांचे. कोणी हिवाळ्यात शेकोटीला पाय लावून भाजून आलेला, कोणी कढत पाण्यात बुडवून. पाय धुवायचे, जखम बघायची, ड्रेसिंग करायचं. लांबच्यांना रिक्षाने कोण आणतं माहीत आहे? रतन. दोन बोटं गेली, बाकी पाय ठणठणीत. भाजलेला पाय दिसला की तो मागून म्हणतो, "काय आबा, वांगं शे का ते?" परवा एक म्हातारे रागावून म्हणाले, "वांगं तुना डोकाम्हा शे." ओटा हसला.

पहिला पाय हातात घेण्याआधी मी प्रार्थना करते आणि तुझ्या बाबांचं नाव घेते. हवालदार भास्कर, भडगाव. लोक विचारतात, कोण? मी सांगते, ज्याच्याकडून मला देव भेटला तो माझा भाऊ.

आता ऐक. आमच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, अक्का, तुझे गुडघे गेले, खाली बसणं सोड. खाली बसते अजून, उठायला रतन लागतो. तू एका गुरुवारी ये. सुट्टी मिळत नाही म्हणू नकोस. येताना भरताची वांगी आण, असोद्याचीच हवीत, धुळ्याच्या बाजारातली मला फसवतात. आणि सैल बाहीचा ड्रेस घाल, बाही कोपराच्या वर जाईल असा. लवकर ये, पोरी. पाणी मी गार होऊ दिलेलं नाही.