वर बर्फ, खाली गरम

मे महिन्याच्या सुट्टीत आमचा फ्रीज बिघडला. दिंडोशीच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत मी, नवरा आणि सासू-सासरे राहतो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मधुमेह आहे. त्यामुळे आमच्याकडे फ्रीज आधी त्यांच्या इन्सुलिनसाठी, मग दुधा-भाजीसाठी. त्या सकाळी दूध नासलेलं निघालं, कोथिंबीर काळी पडली होती, पण वरच्या फ्रीजरमधले मटार दगडासारखे घट्ट होते.

मेकॅनिक आला, हात लावून पाहिलं आणि गॅस संपलाय म्हणाला. एवढ्या जुन्या फ्रीजला काही करू नका, नवीन घ्या, असं सांगून गेला. नवऱ्याला ते पटलं.

बाबा, माझे सासरे, खिडकीपाशी बसून ऐकत होते. मरोळच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. दुकानात ठेवतात ती थंड कपाटं तिथे बनायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात नाही सावरला आणि जीभ जड झाली. तेव्हापासून ते घरातल्या कशातच पडत नसत. खरं सांगायचं तर आम्हीही त्यांना काही विचारायचं सोडलं होतं.

त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. गॅस गेला असता तर मटार घट्ट राहिले असते का, असं शब्द शोधत विचारलं. मग म्हणाले, दिवसभर फ्रीज बंद करून दारं उघडी ठेव, नंतर चालू करून बघ. इन्सुलिन समोरच्या काकूंच्या फ्रीजमध्ये ठेवलं. फ्रीजखाली इतकं पाणी आलं की जुन्या चादरी पिळून माझी मनगटं दुखली. दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा छान गार. आठ दिवस सुरळीत गेले, नवव्या दिवशी पुन्हा तेच.

मी वैतागले, पण बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी मला समजावलं. फ्रीजरच्या मागच्या झाकणाआड थंड नळ्या असतात, त्यांच्यावर बर्फ धरतो. तो वितळवायला एक छोटा हीटर असतो, टायमर त्याला ठरावीक वेळाने चालू करतो. हीटर चालला नाही की बर्फाची भिंत होते आणि पंख्याची गार हवा खाली पोचत नाही.

"मी सांगतो, तू कर," ते म्हणाले.

मी शाळेत मराठी शिकवते. तोवर घरातला फ्यूजही कधी बदलला नव्हता. झाकणाचे स्क्रू काढले तर आत नळ्या दिसेनातच, नुसता पांढरा ठोकळा. टायमर गेलाय, असं बाबांनी ठामपणे सांगितलं. वाकोल्याच्या एका दुकानातून मी नवीन आणला, बर्फ वितळू दिला आणि त्यांनी दाखवलं तसा बसवला. पुन्हा नवव्या दिवशी दूध नासलं.

आता रविवारी नवीन फ्रीज बघायला जायचं, असं नवऱ्याने जाहीर केलं. आईही बाबांना म्हणाल्या, आता पुरे करा. रोज दुसऱ्याच्या दारात इन्सुलिनसाठी उभं राहणं त्यांना जड जात होतं. बाबा दोन दिवस अर्धीच भाकरी खाऊन उठले. मला वाटलं, झालं, हे पुन्हा खिडकीत जाऊन बसणार.

तिसऱ्या दिवशी मी त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावरून काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी डाव्या हाताने तिची कडी काढली.

"माझा चुकला गो," ते त्यांच्या मालवणीत म्हणाले. "टायमरच असतलो म्हणान पुढे बघूकच नाय."

मग आम्ही नीट, एकेक करून तपासायला बसलो. प्लग काढलास का, हे त्यांनी प्रत्येक वेळी विचारलं. पेटीतला मल्टिमीटर हीटरला लावला; वीज जायला वाट असली की तो वाजतो. तो वाजला, म्हणजे हीटर शाबूत. त्याच्या वाटेत नळीला अडकवलेला बटणाएवढा थर्मोस्टॅट होता. नळ्या गोठलेल्या असतील तरच तो हीटरकडे वीज जाऊ देतो. तो काढून टेबलावर तपासला, मीटर वाजेना. मी म्हटलं, हाच मेलाय. बाबांनी मान हलवली. गरम असताना तो वाजायचाच नाही, आधी गोठवून बघ, म्हणाले.

स्टीलच्या डब्यात काकूंकडून आणलेला बर्फ आणि मूठभर मीठ घेतलं, थर्मोस्टॅट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात पुरला. दहा मिनिटांनी तपासला, आवाज नाही. बाबांनी तेच तीनदा करायला लावलं आणि मगच तो गेल्याचं मानलं. नवीन थर्मोस्टॅट आणल्यावर तोही आधी मिठाच्या बर्फात घालायला लावला. तो वाजला तेव्हा बाबा हसले, चेहऱ्याच्या डाव्या बाजूने. मी वायरी जोडत असताना टॉर्च त्यांनी डाव्या हातात धरला होता. हात भरून आला तरी त्यांनी टॉर्च खाली ठेवला नाही.

रविवार तेवढा पुढे ढकला, असं त्यांनी स्वतःच नवऱ्याला सांगितलं. नववा दिवस गेला, दहावा गेला. पंधराव्या दिवशी मी झाकण उघडलं तर नळ्यांवर पातळसा हिमाचा थर, बाकी सगळं मोकळं. आई काकूंकडे घावन घेऊन गेल्या आणि इन्सुलिन घेऊन आल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका संध्याकाळी घरी आले तर काकू त्यांचा बिघडलेला मिक्सर घेऊन बसल्या होत्या आणि बाबा त्यांना काहीतरी सांगत होते, अडखळत, पण न थांबता. मला पाहून म्हणाले, हातपाय धू, चहा घे, मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये.